डेअरीतले मासे

सावरदरा
१० मार्च २००३

प्रिय गौसिया,

वडवणीच्या शाळेत तुझ्याच बाकावर बसणाऱ्या छबूचा नमस्कार. आमच्या दूध संस्थेचा फोन महिनाभर मुका आहे, म्हणून हे पत्र बंकट ड्रायव्हरच्या हाती देते. तो रोज दुधाचे कॅन घेऊन बीडला येतो. उत्तर त्याच्याचजवळ दे.

एक काम आहे. पण आधी ते कशासाठी हे सांगितलं पाहिजे.

गावात हे पावसाविना दुसरं साल. टँकर येईल त्या दिवशी येईल, म्हणून ज्याच्या घरात जे भांडं आहे ते भरून ठेवलेलं. हौद, रांजण, बॅरल, जुनी कढईसुद्धा. साठवलेल्या पाण्यात डास झाले आणि डासांनी ताप आणला. मुंजाजी आबांची धाकटी सून त्या तापात गेली. आबा माळकरी, संस्थेचे पहिल्यापासूनचे सभासद. त्या पोरीला ते लेकीसारखं वागवायचे. म्हशींची धार तीच काढायची. आता आबा स्वतः कॅन घेऊन येतात, माप घालतात आणि कुणाशी न बोलता निघून जातात.

आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं गप्पी मासे आणले होते, बोटाच्या पेराएवढे. ते डासाच्या अळ्या खातात. पण कुणी घरात घेईना. आबा म्हणाले, "वापरायच्या पाण्यात मासे? कावून घर बाटवताव?" आबा म्हणाले म्हणून निम्मं गावही तेच म्हणालं.

संस्थेची सेक्रेटरी म्हणून मी मीटिंगमध्ये विषय काढला. डेअरीत आरपार दिसणारी एक टाकी ठेवू. दोन वेळा सगळं गाव दूध घालायला येतं. मासे अळ्या कशा खातात हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघावं, मग काय ते ठरवावं. चेअरमन अर्जुनराव लगेच तयार झाले. "करा, पर चांगली मोठी काचंची करा. संस्थेला शोभा येईल." त्यांचा पुतण्या पुण्याला असतो. तो म्हणतो, काच आता जुनी झाली, अॅक्रिलिकची घ्या, आरपार दिसणारं प्लास्टिक असतं ते.

मला दोन्हीतलं काही कळत नाही. तुझ्या नवऱ्याचा, दस्तगीरभाईंचा, जन्म काचेच्या दुकानात गेलाय. त्यांना विचार, आणि काच बरी असेल तर टाकी त्यांनीच करून द्यावी असं मला वाटतं.

तुझी,
छबू

बीड
१५ मार्च २००३

छबू,

सलाम. पत्र बंकटनं दुकानात न देता घरी आणून दिलं, बरं केलं. आबांच्या सुनेचं वाचून जीव हलला. पोर तरणीच असणार.

टाकी अॅक्रिलिकचीच घे. का ते सांगते. काच जड असते. मोठी टाकी उचलायला चार गडी लागतात. मांजरसुंब्याचा घाट चढायचा आणि पुढं तुमचा खडीचा रस्ता, गावापर्यंत नुसता चुरा पोचायचा. अॅक्रिलिक हलकं, एकटी बाई कडेवर घेऊन जाईल. तुमच्या डेअरीत कॅनची आदळआपट असते. काचेला एखादा कॅन लागला तर तुकडे कुणाच्या पायात जातील? अॅक्रिलिकला पोचा येईल फार तर. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. काच लवकर तापते, अॅक्रिलिक त्या मानानं उशिरा. मासे तगतील.

यांचंही हेच म्हणणं आहे. हे सध्या मोठ्या कामात आहेत, टाकीला सवड नाही. राग मानू नकोस.

झोपताना मच्छरदाणी लावत जा. तुझ्या सासूबाईंना सलाम.

गौसिया

सावरदरा
२९ मार्च २००३

गौसिया,

तुझ्या शब्दावर अर्जुनरावांच्या पुतण्याकडून आधी एक लहान अॅक्रिलिकची पेटी मागवली. आली तेव्हा इतकी स्वच्छ की आत पाणी आहे का नाही ते कळू नये. बायका बघायला जमल्या. मला वाटलं, जमलं आपलं.

पण टँकरनं येणारं बोअरचं पाणी तुला माहीत आहे, भांड्यावर पांढरा थर धरतं. तसाच पेटीवर धरला. ज्या बाया डेअरी झाडतात त्यांनी तो काथ्यानं घासला. थर गेला आणि पेटीवर ओरखडेच ओरखडे राहिले. मी मऊ फडक्यानं पुसून बघितलं, तर धुळीनं आणखी रेघा उमटल्या. आता आत काहीतरी हलतं एवढंच दिसतं. दूध घालायला आलेली बायनाबाई म्हणाली, "ह्यात मासं हायती का माश्या हायती?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. जे दाखवायचं तेच दिसेना.

अर्जुनरावांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "काच विकणारा दस्तगीर तुमाला प्लास्टिक घ्या म्हणतो, ह्याचा अर्थ काय?" गौसिया, खरं सांग. तुझ्या लेकीच्या लग्नात माझ्या सासूबाई न जेवता निघून आल्या, ते दस्तगीरभाईंनी मनात ठेवलंय का? आमचं काम करायचं नसेल तर तसं सरळ सांगायचं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला लावतात तशी मला वाटेला लावायची गरज नव्हती.

सासूबाईंना आठ दिवस ताप होता. आता उठून बसतात, पण हातापायातलं बळ गेलंय. त्या तापल्या अंगानं पडल्या होत्या तेव्हा मी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मला फार परकं वाटलं.

छबू

बीड
१८ एप्रिल २००३

छबू,

उत्तराला इतके दिवस लागले, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. आता जे आहे ते लिहिते.

थंडीत एका सकाळी हे दुकानात काच कापत होते. काच कापायचा हिरा हातातून गळून पडला. उचलायला वाकले ते तिथंच बसले. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, ओढत चालतात. हात आला नाही. तेव्हापासून हे घराबाहेर पडले नाहीत. कुणी बघायला आलं की तोंडावर चादर ओढून झोपल्याचं सोंग घेतात. कुणी बिचारा म्हणेल याची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही, तुलाही नाही. दुकान मीच उघडते. तयार फ्रेमा आणि आरसे विकते. कापायचं काम आलं की काहीतरी सांगून परत पाठवते.

तुझं पहिलं पत्र मी त्यांना दाखवलंच नाही. टाकी करायची हौस त्यांना किती, ते मला माहीत. आणि आता ती करता येत नाही हे त्यांना पुन्हा का सांगायचं? अॅक्रिलिकचं सगळं मी एका दुकानदाराला विचारून लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त यांचं नाव खोटं घातलं.

दुसरं पत्र मी दुकानात असताना बंकटनं दारातून आत टाकलं, ते यांच्या हाती लागलं. यांची शाळा उर्दूतली, मराठी वाचता येत नाही. म्हणाले, वाचून दाखव. मी वाचत गेले आणि तुझ्या रागाच्या ओळी गाळल्या. हे शांतपणे म्हणाले, "बीचका कायकू छोडी? पूरा पढ." मग पूर्ण वाचावं लागलं. ऐकून म्हणाले, "मैं कब बोल्या अॅक्रिलिक लेव करके?" ते भिंतीकडे तोंड करून पडले आणि संध्याकाळी जेवले नाहीत.

लग्नाचं तू इतकी वर्षं मनात धरून बसलीस, वेडे? तुझ्या सासूबाईंना त्या दिवशी एकादशी होती. त्यांनीच मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं आणि माझ्या लेकीच्या ओटीत नारळ घालून गेल्या होत्या. तुला बोलल्या नाहीत वाटतं.

दुसऱ्या दिवशी हे आपणहून म्हणाले, पाणी क्षाराचं असेल तर घासणं आलं आणि घासणं आलं की काचच पाहिजे. मी विचारलं, करणार कोण? यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "हिरा उठा."

छबू, इतकी वर्षं मी त्या दुकानात डबा घेऊन गेले, पण काचेला हात लावला नव्हता. हे खाटेवरून सांगतात, मी कापते. रेघ एकदाच ओढायची, मध्ये थांबायचं नाही. माझी पहिली काच वाकडी गेली. दुसरी नीट निघाली म्हणून खूश झाले तर तिसरी हातात फुटली. यांचा आवाज चढतो, माझाही चढतो. काल तर मी हिरा फेकून स्वयंपाकघरात जाऊन बसले. हे भिंत धरत धरत मागे आले आणि म्हणाले, "मेरा अब्बा मेरेकू इससे जादा गाली देता था." दोघंही हसलो. थंडीपासून या घरात कुणी हसलं नव्हतं.

आता तूच सांग. चेअरमनसाहेबांना विचार, टाकी दस्तगीरनं नाही, गौसियानं केलेली असेल, चालेल का? नाही म्हणाले तरी मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण मी तुला सांगणार नाही.

तुझी गौसिया

सावरदरा
२० एप्रिल २००३

गौसी,

पत्र डेअरीच्या ओट्यावर उभ्याउभ्याच वाचलं. बायनाबाई विचारत होती, सेक्रेटरीबाई, रडताव कावून? मी तुला परकी म्हणाले आणि तू तिकडं एकटीनं एवढं ओढत होतीस. भेटशील तेव्हा तोंडावर बोल मला, लिहून नको.

काल मीटिंग झाली. मी काही लपवलं नाही. अर्जुनराव म्हणाले, "दस्तगीरभाईचं वाईट झालं. पर बाईनं केलेली टाकी डेअरीत फुटली तर लोक मला हसतील." मी म्हणाले, "चेअरमनसाहेब, ह्या संस्थेत येणाऱ्या दुधाची धार बायाच काढत्यात. तवा कुणी हसलं न्हाई." त्यांनी मिशीला हात लावला. मग म्हणाले, "बरं. पर मोठी नको. शोभा ऱ्हाऊ द्या. आदी टिकू द्या."

मुंजाजी आबा शेवटी उठले. "टाकी काचंची करा न्हाईतर सोन्याची करा. माझ्या हौदात मासा पडणार न्हाई." एवढंच बोलून काठी टेकत गेले. त्यांच्यावर कुणी रागावलं नाही. त्यांच्या घरात काय गेलंय ते सगळ्यांना माहीत आहे.

तू टाकी कर. दस्तगीरभाईंना म्हणावं, तुमच्या नावाची वाट बघितली होती, आता तुमच्या घरच्या हाताची बघते.

छबू

बीड
८ मे २००३

छबू,

टाकी बंकटच्या गाडीत निघाली आहे. खाली दोन गोधड्या, वर एक. त्याला बजावून सांगितलंय की घाटात हळू चालव, कॅन तिच्याजवळ ठेवू नको.

उंची कमी ठेवली आहे, लांबी जास्त. हे म्हणाले, पाण्याचा जोर उंचीवर असतो. उंची कमी असली की पातळ काच भागते आणि वजनही आवरतं. लोकांना वाकून बघावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

तुझ्यापासून काय लपवू, पहिल्यांदा गळाली. काचा जोडायचा सिलिकॉनचा मलम पुरता वाळायच्या आधीच मी घाईनं पाणी भरलं. एका कोपऱ्यातून थेंब, मग धार. मी परातीत पाणी धरत होते आणि रडत होते. इथं नळाला कधीतरी पाणी येतं आणि मी ते जमिनीवर सांडलं. हे म्हणाले, रोने का नै, पोंछने का. तेच पाणी फरशी पुसायला वापरलं. कोपरा ब्लेडनं खरवडून पुन्हा भरला, चांगला वाळू दिला. दुसऱ्यांदा भरली तेव्हा यांनी खाट दारापर्यंत ओढून घेतली आणि दिवसभर टाकीसमोर बसून राहिले. डाव्या हाताची बोटं चारी सांध्यांवरून फिरवायचे आणि कोरडी निघाली की मला दाखवायचे. संध्याकाळी म्हणाले, भेज दे.

आता हे नीट ऐक. टाकीखाली थर्माकोलचा तुकडा घाल, ओटा खडबडीत असेल तर तळ तडकतो. जागेवर ठेवल्यावरच पाणी भर, भरलेली कधी उचलू नका. कॅन ठेवायच्या जागेपासून लांब ठेव. उन्हात नको, दुपारी वरून ओलं पोतं टाक. पांढरा थर धरला तर लिंबाच्या फोडीनं चोळ, मग ब्लेड आडवं धरून खरवड. काचेला काही होत नाही.

आणि ती ओरखड्यांची अॅक्रिलिकची पेटी टाकू नकोस. हलकी आहे. वस्तीवर मासे पोचवायला तिच्यासारखं भांडं मिळणार नाही.

टाकी पोचली का ते लगेच कळव. तोवर आमच्या दोघांच्याही घशाखाली घास उतरणार नाही.

गौसिया

सावरदरा
१ जून २००३

गौसी,

टाकी आली ते चिठ्ठीनं कळवलंच होतं. आज सविस्तर लिहिते, कारण आज लिहिण्यासारखं आहे.

पहिल्या दिवशी मी माझ्याच हौदातलं तांब्याभर पाणी आणून टाकीत ओतलं. त्यात अळ्या वळवळत होत्या, सगळ्यांना दिसल्या. मासे असे तुटून पडले की बायका ओरडल्याच. बायनाबाई म्हणाली, "अगं बया, हे किडं आपुन भांड्याला वापरताव?" तिनं सगळ्यांच्या आधी मासे नेले. मग रोज कुणी ना कुणी न्यायला लागलं. लांबच्या वस्तीवर सिस्टर तुझ्या सांगण्याप्रमाणं अॅक्रिलिकच्या पेटीतून घेऊन जाते. काच एकदम स्वच्छ आहे. एकदा एका कॅनचं झाकण उडून तिच्यावर आपटलं, पण काच हलली नाही.

मुंजाजी आबा मात्र टाकीकडे पाठ करूनच दूध घालायचे.

परवा संध्याकाळी सगळे गेल्यावर ते मागं राहिले. टाकीकडे न बघताच म्हणाले, "ह्यात ते किडं तू कुठून आणून टाकतीस?"

"माझ्या हौदातून, आबा."

"तुझ्याबी हौदात हायती?"

"समद्यांच्याच हायती."

ते निघून गेले. मला वाटलं संपलं. थोड्या वेळानं परत आले ते हातात तांब्या घेऊन. स्वतःच्या हौदातलं पाणी. मला म्हणाले, "मला खाली काय दिसत न्हाई, तू बघ." पण मी बघायच्या आधी स्वतःच गुडघे टेकून काचेला डोळे लावले आणि तांब्या हळूहळू ओतला. अळ्या होत्या, गौसी. खूप होत्या. मासे आले आणि बघता बघता पाण्यात एकही अळी उरली नाही.

आबांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरगी त्याच हौदाजवळ बसून धुणं धुवायची. मी रोज तिथंच आंघोळ करायचो. एवढं माझ्या म्होरं व्हतं आन मला दिसलं न्हाई."

मी म्हणाले, "आबा, कुणालाच दिसलं न्हाई. आमालाबी काचंतून बघितल्यावरच दिसलं." त्यांना ते ऐकू गेलं का नाही कुणास ठाऊक. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "ह्ये मासे मोठे झाल्यावर कुणी धरून खाणार तर न्हाई ना?"

"न्हाई आबा. मोठे झाले तरी एवढेच ऱ्हात्यात. ह्यात खायला काय हाय."

"मंग दे."

त्यांच्याच तांब्यात दिले. तांब्यावर तळहात झाकून ते घरापर्यंत इतके सावकाश गेले की जणू आत दिवा पेटलेला होता. आज सकाळी दूध घालायला आले तर बायनाबाईला विचारत होते, तुझे मासे जितं हायती का, पाण्यात ऊन तर येत न्हाई ना. सून गेल्यापासून त्यांनी कुणाला आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट.

ताप पूर्ण गेला असं म्हणणार नाही. पण सिस्टर म्हणते, या पंधरवड्यात आमच्या गावाकडून तिच्याकडे कमी लोक आले.

हे सगळं दस्तगीरभाईंना वाचून दाखव. काही गाळू नकोस.

छबू

बीड
४ जून २००३

छबू,

पूर्ण वाचून दाखवलं. आबांचा भाग यांनी पुन्हा वाचायला लावला. मला वाटलं, टाकीबद्दल काहीतरी म्हणतील. काच टिकली, सांधा टिकला, असं काही. ते नाही म्हणाले. विचारलं, त्या म्हाताऱ्याच्या घरात आता कोण कोण आहे? मी म्हटलं, छबूला विचारते. तर म्हणाले, विचारू नको, आपण जाऊ.

मी दोनदा विचारलं, खरंच? उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारा माणूस, गल्लीतल्या लोकांना तोंड दाखवत नाही, तो मांजरसुंब्याच्या पुढं येतो म्हणतो. यांनी आज न्हाव्याला घरी बोलावून दाढी केली आणि धुतलेली टोपी शोधून ठेवायला सांगितली. तोंडानं म्हणतात, सांधे एकदा बघून घेतले पाहिजेत. पण मला वाटतं, त्यांना आबांच्या शेजारी थोडा वेळ बसायचं आहे.

शुक्रवारी बंकटच्या गाडीनं येतो. त्याला पुढची सीट मोकळी ठेवायला सांग. आणि तुमच्या लोकांना एक सांगून ठेव. उतरताना यांना हात द्यायला कुणी पळत येऊ नका. यांना वेळ लागेल. लागू द्या. मी बाजूला उभी असेन.

गौसिया